पट्टीखालचा पहारा

नवरात्रातल्या एखाद्या संध्याकाळी टेंभी नाक्यावर उभं राहा. आनंद दिघ्यांनी सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाची रांग लांबच लांब गेलेली असते. ऑक्टोबरची चिकचिक, पडलेला वारा, पाठीला चिकटलेले सदरे. त्या रांगेतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीच्या कुर्त्याखाली, पोटावर, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर रुंदीची गोल चिकटपट्टी असते. पट्टीच्या मधोमध सहा मिलिमीटर लांबीची मऊ नळी त्वचेत शिरलेली असते आणि तिचं दुसरं टोक कमरेला लावलेल्या इन्शुलिन पंपापर्यंत गेलेलं असतं. मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिचं शरीर इन्शुलिन बनवत नाही, ते काम पंप करतो. नवा आहे पंप, नुकताच सुरू केलाय. रांग हलते, घाम येतो आणि पट्टीखाली खाज सुटते.

खाजवता येत नाही. पट्टी सुटली तर नळी निघेल.

खाज हा काय लिहिण्याचा विषय आहे का? पण त्या तीन-चार सेंटिमीटरांच्या वर्तुळात किती गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात हे कळलं, की माणूस थक्क होतो.

आधी पंपाचंच पाहा. इन्शुलिनच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. आजचे काही पंप तासाला ०.०२५ युनिट इतक्या बारीक टप्प्यानं इन्शुलिन कमी-जास्त करू शकतात. म्हणजे किती? पाण्याच्या एका थेंबाचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं औषध हे यंत्र तासाभरात मोजून सोडू शकतं, तुम्ही झोपलेले असताना, लोकलमध्ये लटकलेले असताना. १९६३ च्या सुमाराला अमेरिकेत अर्नोल्ड कॅडिश या डॉक्टरनं असा पहिला पंप बनवला, तेव्हा तो सैनिकाच्या पाठपिशवीएवढा होता. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी छोट्या पंपानं त्वचेखाली सतत इन्शुलिन देता येतं हे दाखवून दिलं. आता तो खिशात मावतो. यंत्र असं लहान लहान होत गेलं, पण एक जागा मात्र तशीच राहिली: यंत्र आणि माणूस जिथे एकमेकांना भेटतात ती त्वचा.

आणि त्वचेनं इन्शुलिनच्या उपचाराबद्दल पहिल्याच इंजेक्शनला तक्रार केली होती! ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला तो अर्क अजून अशुद्ध होता. साखर थोडीशीच उतरली आणि सुई टोचलेल्या जागी गळू झालं. जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिपनं अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि मग तो चमत्कार घडला: साखर झपाट्यानं उतरली. या गोष्टीतलं ते गळू कुणी फारसं सांगत नाही. मला मात्र ते महत्त्वाचं वाटतं. औषध अजून तयार झालेलं नाही, हे ते गळूसुद्धा सांगत होतं.

त्वचा आहे तरी केवढी जाड? पोटावर, मांडीवर, जिथे इन्शुलिन टोचतात तिथे ती साधारण दोन-अडीच मिलिमीटर भरते. माणूस काटकुळा असो की धष्टपुष्ट, हा आकडा फारसा बदलत नाही. बदलते ती तिच्या खालची चरबी. म्हणून तर सहा मिलिमीटरची नळी सरळ आत गेली की बहुतेकांच्या बाबतीत बरोबर चरबीच्या थरात पोचते. पण पट्टीला इतक्या खोल जायचं नसतं. पट्टी चिकटते ती सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थराला. पंधरा-वीस पदरांचा हा थर साध्या कागदाहूनही कितीतरी पातळ असतो. आतलं पाणी आत आणि बाहेरचं जग बाहेर ठेवण्याचं काम हाच करतो. तो सतत झिजतो आणि खालून पुन्हा भरून येतो.

आता पट्टी काढताना नीट पाहा. डिंकाच्या बाजूला एक पांढुरका, भुरकट पापुद्रा दिसतो ना? ती तुमची त्वचा आहे. दर वेळी पट्टीबरोबर मेलेल्या पेशींचा एखादा पदर निघून जातो. त्वचेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम हेच करतात. एकाच जागी चिकटपट्टी लावतात, ओढतात, पुन्हा लावतात, पुन्हा ओढतात आणि त्वचेची संरक्षक भिंत ठरवून कमकुवत करतात. पंप वापरणारा माणूस दर दोन-तीन दिवसांनी नळी-पट्टीचा सेट बदलतो, म्हणजे नकळत हाच प्रयोग स्वतःवर करत असतो. जागा बदलत राहिली तर त्वचा सहज भरून येते. त्याच त्याच जागी पट्टी बसत राहिली तर मात्र भरून यायला सवडच मिळत नाही.

त्यात आपलं ठाणं. खाडी, दमट हवा, चार महिने पाऊस आणि उरलेले घामाचे. उघड्या त्वचेतून रात्रंदिवस थोडं थोडं पाणी वाफ होऊन उडत असतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पट्टीनं ती वाट अडवली की मेलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात, त्यांच्यामधली सांधणी सैल होते आणि एरवी बाहेरच राहणारे बारीक रेणू आत झिरपू लागतात. घाम आणि पट्टी यांची ही जोडगोळी म्हणूनच त्रासदायक. थंड, कोरड्या देशात जी पट्टी बिनतक्रार बसते, तीच इथे मे महिन्यात सतावू शकते.

झिरपू लागतात म्हणजे नेमकं काय होतं? इथे एका तरुणाची गोष्ट सांगायलाच हवी. ती पहिल्यांदा जुळली तेव्हा मी जागच्या जागी थांबलो होतो.

१८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता, वय एकवीसच्या आसपास. त्यानं माणसाच्या त्वचेचा तुकडा सोन्याच्या क्षारानं रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरच्या थरात त्याला फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्यानं डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी सशाचं स्वादुपिंड तपासलं. त्यात सगळीकडे विखुरलेले वेगळ्याच पेशींचे छोटे छोटे पुंजके आढळले. हे कशासाठी असतील, हे त्याला सांगता आलं नाही. पुढे क्षयानं गाठलं, हवापालटासाठी तो मदेरा बेटावर गेला आणि १८८८ मध्ये, वयाची एकेचाळीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, तिथेच वारला. आपण काय पाहिलं होतं, हे त्याला कधीच कळलं नाही.

स्वादुपिंडातले ते पुंजके म्हणजे लँगरहान्सची बेटं, आपल्या शरीरातला इन्शुलिनचा कारखाना. आणि त्वचेतल्या त्या फांद्यांच्या पेशी म्हणजे लँगरहान्स पेशी. त्या मज्जातंतू नव्हेत, प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत. एकाच पोरानं दोन वर्षांत दोन्ही शोधलं! ज्या मुलीच्या त्या बेटांमधल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, तिच्या पोटावर आज पंप आहे. आणि त्या पंपाच्या पट्टीखाली त्याच माणसाच्या नावाच्या पेशी जागता पहारा देत आहेत. दीडशेहून अधिक वर्षांनी असं काही जोडलं जाईल, हे कुणाला सुचलं असतं?

या पेशी काम कसं करतात, तेही विलक्षण आहे. वरच्या मेलेल्या थराच्या खाली जिवंत पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. पहारेकरी त्या शिवणीच्या आतल्या बाजूला. मग बाहेर काय चाललंय हे त्यांना कळावं कसं? जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की त्वचा डिवचली गेली, की लँगरहान्स पेशी आपल्या फांद्या शिवणीतून वर काढतात, बाहेरचा रेणू पकडतात आणि हे करताना शिवण उसवू देत नाहीत. फ्लॅटचं सेफ्टी डोअर न उघडता जाळीतून हात काढून कुरिअरचं पाकीट आत घ्यावं, तसं. मग पकडलेला ऐवज घेऊन त्यातल्या काही पेशी त्वचा सोडतात, जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि प्रतिकारशक्तीच्या तिथल्या टी-पेशींना तो दाखवतात. टी-पेशींना तो शत्रू वाटला तर त्या त्याची ओळख पक्की करतात, आपली संख्या वाढवतात आणि शरीरभर गस्त घालू लागतात. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, कधी कितीतरी महिने.

आता कळलं, पंप लावल्यावर पहिले काही आठवडे सगळं छान का असतं? घरचे म्हणतात, “अगं, इतके दिवस काही झालं नाही, आत्ताच कसं?” इतके दिवस ओळख पटवणं चालू होतं. एकदा ती पटली, की पुढची पट्टी लावल्यावर एक ते तीन दिवसांत लाली, बारीक पुरळ, पाण्याचे फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. ओळख पटलेल्या टी-पेशी मग वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडाच्या बेटांमधल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट कोण करतं? टी-पेशीच. तिथे त्यांनी घरच्याच माणसाला शत्रू ठरवलं होतं.

आपल्या मुलखाला ही अ‍ॅलर्जी नवी नाही. बिब्बा उतलेला माणूस तुम्ही पाहिला असेल किंवा आजीकडून ऐकला तरी असेल. बिब्ब्याचं तेल मुळात जहाल, लागलं की भाजतंच. पण अनेकांच्या अंगावर ते उततं ते नेमक्या याच रस्त्यानं. धोबी बिब्ब्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर-कमरेवर बरोबर त्या खुणांच्या जागी चट्टे उठले आणि त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर निबंध लिहिला. १९५० च्या दशकात पुण्याजवळ गाजर गवत पसरू लागलं आणि पुढे शेतात राबणाऱ्या कित्येकांचे चेहरे आणि हात त्याच्या अ‍ॅलर्जीनं जाड, काळे झाले. पुण्यातल्या त्वचातज्ज्ञांनी ती साथ जगाला सांगितली. आणि टिकली? टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनानं कपाळावर पांढरा डाग पडतो, हे भारतीय डॉक्टरांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. चिकटणाऱ्या गोष्टींचा हा इतिहास आपल्या कपाळावरच लिहिलेला आहे.

पंपाच्या बाबतीत खरा चोर सापडायला मात्र बराच काळ गेला. १९९५ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी पंपाच्या सेटमधल्या गोंदाची अ‍ॅलर्जी झालेल्या रुग्णाची नोंद केली. गुन्हेगारांत एक नाव होतं आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट. मग ते नाव जवळजवळ विसरलं गेलं. पुढे दंडावर लावायचे ग्लुकोज सेन्सर आले आणि तसेच चट्टे दिसू लागले. नेहमीच्या चाचण्यांत बहुतेकांचं कारण सापडेना. चिकटपट्टी तर निर्दोष वाटत होती. २०१७ मध्ये बेल्जियम आणि स्वीडनच्या संशोधकांनी सेन्सर उघडून त्याचा तुकडा न् तुकडा तपासला. तेव्हा पुन्हा तेच आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हाती लागलं, आणि कुठे? मुख्यतः प्लॅस्टिकच्या डबीचे वरचे आणि खालचे भाग जिथे जोडले होते तिथे. तिथून ते सरकत सरकत पट्टीत उतरलं होतं आणि पट्टीतून त्वचेत! हा गोंद अतिनील प्रकाशात झटपट घट्ट होतो, म्हणून कारखान्यांना तो सोयीचा. पण घट्ट होताना काही रेणू सुटे राहतात. रेणू अगदी लहान, अर्धा सांगाडा कापराच्या कुळातला. इतका लहान रेणू त्वचेत सहज शिरतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संपर्क-अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञसंस्थेनं त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं. त्यानंतर काही उत्पादकांनी तो वगळलाही.

पण प्रत्येक लाली ही अ‍ॅलर्जी नसते, आणि इथे त्वचेची लिपी वाचता यायला हवी. लाली पट्टीच्या आकाराची, कड आखल्यासारखी असेल तर संशय डिंकावर. पट्टी काढल्यावर ती दिवसभरात विरली तर साधी जळजळ. काढल्यावरही वाढत गेली, कडेबाहेर पसरली, खाजत राहिली तर अ‍ॅलर्जीची शक्यता मोठी. कड सोलल्यासारखी ओली, चकचकीत असेल तर पट्टी घाईनं ओढली गेली आहे. बारीक ठिपकेच ठिपके असतील तर बहुधा घामोळं, किंवा केसांच्या मुळांशी झालेला दाह. आणि मधल्या भोकाभोवतीच लाल, गरम, दुखरी गाठ असेल, पू असेल, तर तो जंतुसंसर्ग; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगावी लागते. इंटरनेटवरचे फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. गहूवर्णी किंवा सावळ्या त्वचेवर लाली जांभळट-तपकिरी दिसते आणि नंतर काळा डाग मागे ठेवते. “लाल कुठे आहे?” असं विचारून पुढे जाऊ नका. हात लावून पाहा, ऊब आणि खडबडीतपणा बोटांना आधी कळतो.

त्वचेच्या खालीही काही कमी चाललेलं नसतं. नळी आत गेली की रक्तद्रवातली प्रथिनं लगेच तिच्यावर लेप चढवतात, काही तासांत पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि या परक्या वस्तूभोवती कुंपण घालायला घेतात. इन्शुलिन टिकावं म्हणून त्यात घातलेलं फेनॉल किंवा क्रेसॉलही थोडं झोंबतं. म्हणूनच बहुतेक सेट दोन-तीन दिवसांत बदलायचे असतात. चौथ्या दिवसापर्यंत ताणण्यात बचत नाही. आणि इन्शुलिन स्वतः चरबी वाढवणारं संप्रेरक आहे. एकाच जागी पडत राहिलं तर तिथे मऊ, रबरासारखी गाठ होते. गंमत अशी की तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण त्या गाठीतून इन्शुलिन कधी किती शोषलं जाईल याचा नेम नसतो. शुगर विनाकारण वर-खाली होऊ लागली तर पोट चाचपून पाहा.

मग करायचं काय? पंप सुरू व्हायच्या आधीच नळीशिवाय नुसती पट्टी दोन-तीन दिवस लावून पाहता येते. डॉक्टरांकडे किंवा कंपनीच्या प्रशिक्षकाकडे तशी मागा. जागा सौम्य साबणानं धुवा, कोरडी करा. स्पिरिट लावलं तर पंख्याखाली पूर्ण उडू द्या, कारण ओल्या स्पिरिटवर पट्टी बसवली तर ते आतच कोंडून झोंबत राहतं. तेल, पावडर, क्रीम काही नको. त्याच दिवशी वस्तरा फिरवू नका. तरीही त्रास झाला तर पट्टीखाली लावायचे संरक्षक द्रव किंवा पातळ हायड्रोकोलॉइड पट्ट्या मिळतात. स्टिरॉइडचं काही लावायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. नळीचा त्रास वाटत असेल तर स्टीलच्या सुईचा सेट असतो, वेगळ्या डिंकाचा सेट असतो. काढताना कडेला खोबरेल तेल जिरू द्या, मग एका हातानं त्वचा दाबून धरत पट्टी त्वचेलगत, हळूहळू मागे दुमडत न्या. वर खेचू नका. नंतर तेल साबणानं धुवा. एवढं करूनही चट्टे थांबले नाहीत तर त्वचातज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. ही चाचणी याडासोन या डॉक्टरनं १८९५ मध्ये सांगितली. पाठीवर संशयित रसायनांचे ठिपके लावून दोन दिवसांनी पाहायचं, इतकी साधी, आणि आजही तिच्याहून चांगली चाचणी निघालेली नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. खाजेला वैतागून पट्टी उपटायची आणि रात्रभर तसंच झोपायचं, हे कधीही करू नका. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्शुलिन असतं, अंगात साठा नसतो. पंप काढला की काही तासांत इन्शुलिन संपतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढू लागतात आणि त्यातून होणारा कीटोअ‍ॅसिडोसिस जीव घेऊ शकतो. पट्टी काढलीत तर लगेच दुसऱ्या जागी नवा सेट लावा किंवा इंजेक्शन घ्या. सेट लावलेला असतानाही शुगर चढतच गेली, तरी आधी सेट बदला आणि कीटोन तपासा. घरात सिरिंज किंवा इन्शुलिनचं पेन नेहमी तयार ठेवा. चट्ट्यांचे तारखेसह फोटो काढा. डॉक्टरांना त्या फोटोंतून अर्धं निदान मिळतं.

आणि एक मागणी, सगळ्यांनी मिळून करायची. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापलेलं असतं. तीन-तीन दिवस, वर्षानुवर्षं, माणसाच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या या पट्ट्यांच्या डबीवर मात्र गोंदात काय आहे याची पूर्ण यादी सहसा नसते. युरोपातले त्वचातज्ज्ञ ती यादी छापा म्हणून कंपन्यांच्या मागे लागले आहेत. आपल्याकडच्या रुग्णांनी, डॉक्टरांनी आणि औषध प्रशासनानंही ती मागावी. पुढचा सेट मागवाल तेव्हा कंपनीला हा प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.